रक्ताचा नमुना आणि रेतनाची नोंदवही

गाय दोन-तीन वेळा उलटली की गोपालकाचे गणित कोलमडते. एक माज वाया गेला की सुमारे २१ दिवस जातात; त्या दिवसांचा चारा-खुराकाचा खर्च मात्र थांबत नाही. रक्ताच्या नमुन्यावरून कालवडीची प्रजननक्षमता आधीच कळावी, ही अपेक्षा म्हणूनच स्वाभाविक आहे. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम येथे पंतप्रधानांच्या हस्ते गायींसाठी ‘गौ चिप’ आणि म्हशींसाठी ‘महिष चिप’ यांचे अनावरण झाले. या साधनाकडून नेमके काय मागावे, हे आता स्पष्ट व्हायला हवे.

रक्तातील पांढऱ्या पेशींमधून डीएनए वेगळा करून त्यावरील हजारो जनुकीय चिन्हके वाचली जातात. डीएनए जन्मापासून तोच राहतो, म्हणून वासराच्या वयातच अंदाज बांधता येतो. परंतु गर्भधारणेशी निगडित गुणधर्मांची आनुवंशिकता सामान्यतः १० टक्क्यांहून कमी असते. जनावराजनावरांतील उरलेला फरक आहार, खनिजे, गर्भाशयाचा दाह, उष्णतेचा ताण, माजाची ओळख आणि रेतनाची वेळ यांमुळे पडतो. त्यामुळे अमुक गाय या माजाला गाभण राहील का, याचे उत्तर चिप देत नाही. तिचे खरे स्थान वळूंच्या निवडीत आहे. एका वळूच्या रेतमात्रा हजारो गायींपर्यंत पोहोचतात. तेथे लहानसा आनुवंशिक फरकही मोठा ठरतो.

होल्स्टीन जातीचा इतिहास हेच सांगतो. १९६२ साली जन्मलेल्या ‘चीफ’ या अमेरिकन वळूचा दुधासाठी प्रचंड वापर झाला. त्याच्याबरोबर एक घातक जनुकीय दोषही जगभर पसरला. आई-वडील दोघांकडून हा दोष आलेला गर्भ गर्भाशयातच दगावतो. २०११ मध्ये त्याचा सुगावा लागला, तो दोन गोष्टींच्या मेळातून. तपासलेल्या जनावरांत दोषाच्या दोन्ही प्रती असलेले एकही जनावर आढळेना. आणि वाहक वळूचे रेतन वाहक वळूच्या मुलीला केले असता गर्भधारणा कमी होत असल्याचे नोंदी दाखवत होत्या. चिपने संशय निर्माण केला, नोंदींनी तो पक्का केला.

भारतापुढील खरा प्रश्न येथेच आहे. होल्स्टीनवर बेतलेली भाकिते गीर, साहिवाल, थारपारकर किंवा आपल्या संकरित गायींना जशीच्या तशी लागू पडत नाहीत. त्यासाठी आपल्याच जनावरांचे रक्तनमुने आणि त्यांच्याच प्रजननाच्या नोंदी एकत्र हव्यात. उद्दिष्टपूर्तीच्या घाईत यशस्वी रेतन तेवढे नोंदवले आणि उलटलेली रेतने गाळली, तर चौथ्या रेतनाला गाभण राहिलेली गाय कागदोपत्री पहिल्याच रेतनाला गाभण राहिलेली ठरते. अशा नोंदींवर शिकलेली चिप चुकीचा वळू श्रेष्ठ ठरवील आणि ती चूक पुढच्या पिढीच्या गोठ्यात उतरेल. कामगंध सापळ्यातील पतंग मोजून लिहिले नाहीत, तर सापळा शेतात नुसताच लटकतो. चिपचेही तसेच आहे.

दुसरा धोका अहवालाच्या अतिरेकी अर्थाचा. कमी गुण मिळालेली कालवड वांझ नसते. तिला घाईने गोठ्याबाहेर काढणे हे गोपालकाचे नुकसान आहे. वारंवार उलटणाऱ्या गाईची आधी पशुवैद्यकाकडून तपासणी, आहारात सुधारणा आणि सकाळी माज दिसल्यास सायंकाळी, सायंकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन, हा क्रम कोणत्याही चिपमुळे बदलत नाही.

विस्तार कार्यकर्त्यांनी म्हणूनच गोपालकांना चाचणीच्या आश्वासनाआधी नोंदीची सवय द्यावी. कानातील बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक, माजाची तारीख, प्रत्येक रेतन, वळूचा क्रमांक, गर्भतपासणीचा निकाल आणि विण्याची तारीख एवढे पुरेसे आहे. गर्भतपासणीत गाय रिकामी निघाली, तर ‘रिकामी’ हाही निकालच आहे. तो त्याच दिवशी लिहिला गेला पाहिजे.