क्षार निघाला, तरी काम संपत नाही

आमच्या इमारतीतील एका निवृत्त शिक्षिकेच्या मुलाने जर्मनीतील वास्तव्य संपवून परतताना तेथे घेतलेले जुने एस्प्रेसो यंत्र सोबत आणले. काही महिन्यांत कॉफीची धार बारीक होत गेली आणि शेवटी थेंब थेंब गळू लागली. बाईंनी टाकीत व्हिनेगर ओतून यंत्र चालविले, एकदा साध्या पाण्याने धुतले आणि दुसऱ्या दिवशी यजमानांना कप भरून दिला. यजमानांना रक्तदाबाचा आणि मूत्रपिंडाचा त्रास आहे. “धार तर मोकळी झाली, पण कॉफीला आंबूस वास का येतो?” असे बाईंनी मला विचारले. वास व्हिनेगरचा होता. मला काळजी वाटली ती मात्र ज्याला वास नसतो आणि चवही नसते, त्या शिशाची.

प्रथम क्षाराविषयी. कठीण पाण्यात विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट पाणी तापल्यावर कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपाने बाहेर पडते आणि पांढऱ्या थराने आत चिकटून बसते. गिझरच्या कॉइलवर दिसणारा थर तोच. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावी. बोअरवेलचे व टँकरचे पाणी पुष्कळदा याहून कठीण असते. एस्प्रेसो यंत्रातील नळ्या अरुंद असल्याने थोडा थरही त्यांना पुरतो.

हा थर आम्लाने विरघळतो, आणि खबरदारी येथूनच सुरू होते. अशा यंत्रांतील कित्येक भाग पितळेचे असतात. पितळ कातण्यास सोपे जावे म्हणून त्यात थोडे शिसे मिसळण्याची रीत आहे. आम्ल क्षाराबरोबर धातूचा पृष्ठभागही उघडा करते. जर्मनीच्या केंद्रीय जोखीम-मूल्यांकन संस्थेने 2013 साली अशा यंत्रांची तपासणी केली, तेव्हा मूठ लावून कॉफी काढण्याच्या काही यंत्रांतून क्षार काढल्यानंतर बरेच शिसे पाण्यात उतरत असल्याचे आढळले. प्रत्येक यंत्रात असे होते, असा याचा अर्थ नाही. परंतु जुन्या यंत्राचा पूर्वेतिहास आपल्याला ठाऊक नसतो. शिशाची निर्धोक अशी मात्रा ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शिसे रक्तदाब वाढविते, मूत्रपिंडांना इजा करते आणि हाडांत साठून राहते; उतारवयात हाडे विरळ होऊ लागली की तेथून ते पुन्हा रक्तात येऊ शकते. गर्भवती स्त्रिया आणि लहान मुले यांना तर त्याचा धोका सर्वाधिक.

म्हणून क्षार काढणे हे अर्धे काम आणि नंतरचे धुणे हे उरलेले अर्धे, असे समजावे. यंत्राची माहितीपुस्तिका असल्यास तिच्यातील सूचना प्रमाण मानाव्यात. नसल्यास पुढील रीत सामान्यतः चालते. एक लिटर साध्या पाण्यात 20 ग्रॅम सायट्रिक आम्ल, म्हणजे किराणा दुकानात मिळणारे लिंबूफूल, पूर्ण विरघळवावे. यंत्र तापण्यापूर्वीच पंप चालवून थोडे द्रावण कॉफीच्या वाटेने आणि थोडे वाफेच्या नळीने बाहेर काढावे. मग यंत्र बंद करून पंधरा-वीस मिनिटे थांबावे. द्रावण संपेपर्यंत असेच करावे. द्रावण उकळू देऊ नये. उष्णतेने कॅल्शियम सायट्रेटचा न विरघळणारा साका धरून नळी पुन्हा तुंबू शकते. बॉयलर अॅल्युमिनियमचा असल्यास द्रावण अधिक तीव्र करू नये व रात्रभर आत ठेवू नये. व्हिनेगरचा वास रेंगाळतो आणि रबरी भागांनाही ते मानवत नाही. आम्लाच्या जवळपास ब्लीच मुळीच आणू नये. दोन्ही एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो.

त्यानंतर स्वच्छ पाण्याच्या किमान दोन पूर्ण टाक्या दोन्ही वाटांनी सोडाव्यात. शेवटच्या पाण्यात निळा लिटमस कागद बुडवावा. तो लाल झाला, तर आम्ल अजून शिल्लक आहे. पहिले दोन-तीन कप कॉफीही ओतून द्यावी. शिसे घरी तपासता येत नाही, म्हणून येथे कंजुषी करू नये. एरवीही रात्रभर आत साचलेले पाणी रोज सकाळी कपभर सोडून द्यावे आणि मगच कॉफी काढावी.

दुरुस्तीपैकी एक गोष्ट घरी करण्याजोगी आहे. मुठीच्या कडेने पाणी गळत असेल, तर बहुधा कुकरच्या रिंगसारखी तिथली रबरी गॅस्केट कडक झालेली असते. यंत्र थंड झाल्यावर, प्लग काढून, जाळीचा स्क्रू सोडवावा आणि त्याच मापाची नवी गॅस्केट बसवावी. पंप घुरघुरतो पण पाणी येत नाही, अशा वेळी आत हवा अडकलेली असू शकते; वाफेची चावी उघडून काही क्षण पंप चालविल्यास ती निघते. बॉयलर, सुरक्षा-झडप आणि विजेची जोडणी यांना मात्र स्वतः हात लावू नये.

बाईंच्या स्वयंपाकघरात आणखी एक दोष आढळला. युरोपीय प्लगला अर्थिंगची वेगळी पिन नसते. त्या पट्ट्या प्लगच्या कडांना असतात. आपल्या सॉकेटमध्ये त्याच्या दोन गोल पिना बसतात, यंत्र चालूही होते, पण अर्थिंग तुटलेले राहते. पाणी, धातू आणि वीज एकत्र असलेल्या यंत्राला हे चालणार नाही. माहीतगार वायरमनकडून तीन पिनांचा 16 अँपिअरचा प्लग बसवून घ्यावा. अमेरिकेतून आणलेले 120 व्होल्टचे यंत्र तर आपल्या 230 व्होल्टवर थेट लावूच नये.

वाफेचा भाग घरातील धडधाकट माणसाने सांभाळावा. वयोमानाने त्वचा पातळ होते आणि मधुमेहात हातांची संवेदना मंदावलेली असू शकते, त्यामुळे चटका उशिरा कळतो. भाजलेच, तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावे. हळद, टूथपेस्ट किंवा बर्फ लावू नये. फोड मोठा असल्यास डॉक्टरांना दाखवावे.

बाईंनी त्या दिवशी प्लग काढून ठेवला. रविवारी मुलाने लिंबूफुलाने क्षार पुन्हा काढला, दोन टाक्या पाणी सोडले, लिटमस निळाच राहिल्याची खात्री केली आणि पहिले तीन कप मोरीत ओतले. यजमानांना तोवर पातेल्यातल्या साध्या कॉफीवर भागवावे लागले. त्यांनी तक्रार केली नाही, असे बाई म्हणाल्या. पण चौथ्या कपाची वाट मात्र ते पाहत होते.