परक्या भाषेची दीक्षा

धर्मप्रसारासाठी घराबाहेर पडणाऱ्या परदेशी तरुणांविषयी आपल्याकडे दोनच भावना व्यक्त होतात. एक रोषाची आणि दुसरी उपेक्षेची. ‘त्यांच्यामागे अमाप पैसा आहे’ एवढे म्हटले की आपले समाधान होते आणि विषय संपतो. परंतु ज्याच्याशी आपला मूलभूत मतभेद आहे, त्याची घडण कशी होते हे बारकाईने पाहणे हेही विचारी कार्यकर्त्याचे कर्तव्य आहे. या दृष्टीने अमेरिकेतील मॉर्मन पंथाच्या तरुण मिशनऱ्याचे, त्यातही रशियन भाषा वाट्याला आलेल्या मिशनऱ्याचे, आरंभीचे दिवस अभ्यासण्याजोगे आहेत.

‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ असे या पंथाचे अधिकृत नाव. 1830 मध्ये त्याची स्थापना झाली आणि युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी हे त्याचे मुख्य केंद्र. या पंथातील तरुणाने आयुष्यातील दोन वर्षे धर्मप्रसारासाठी द्यावीत, अशी अपेक्षा असते. 2012 पासून मुलांना वयाच्या अठराव्या वर्षीच जाता येते. जाण्याची इच्छा त्याने कळवायची; कोठे जायचे आणि कोणती भाषा शिकायची, हे मात्र पंथाचे वरिष्ठ ठरवतात. वेतन नाही, उलट खर्चाचा मोठा भाग तो स्वतः किंवा त्याचे कुटुंब सोसते. अठरा वर्षांच्या या पोराला त्या दिवसापासून ‘एल्डर’ म्हणजे ‘ज्येष्ठ’ असे संबोधले जाते!

प्रोव्हो येथील प्रशिक्षण केंद्रात त्याची घडण होते. 1961 मध्ये, व्हिसाची वाट पाहत थांबलेल्या तरुणांना स्पॅनिश शिकवण्यापासून या उपक्रमाचा आरंभ झाला. आज तेथे पन्नासहून अधिक भाषा शिकवल्या जातात. पहाटे साडेसहाला उठणे, रात्री साडेदहाला दिवे मालवणे आणि सदैव एका सहकाऱ्याच्या सोबतीने राहणे, असा तेथील शिरस्ता. 2019 पूर्वी तर मिशनऱ्याला वर्षातून केवळ दोनदा घरी दूरध्वनी करण्याची मुभा होती. शिकवणारे बहुतांशी विद्यापीठात शिकणारे तरुण, स्वतः त्याच देशात दोन वर्षे काढून परतलेले. म्हणजे कालचा प्रचारक आज आचार्य झालेला असतो.

आता त्याच्यासमोरील भाषेकडे पाहा. अमेरिकी सरकार आपल्या राजनैतिक अधिकाऱ्यांना रशियन शिकवण्यासाठी सुमारे 44 आठवडे आणि 1100 तास गृहीत धरते. या मुलाच्या हाती जेमतेम दोन-सव्वादोन महिने असतात. लिपीत 33 अक्षरे, आणि त्यांतली काही फसवी. रोमन ‘बी’सारखे दिसणारे अक्षर ‘व’ म्हणायचे, ‘एच’सारखे दिसणारे ‘न’ आणि ‘पी’सारखे दिसणारे ‘र’! सहा विभक्ती, तीन लिंगे. पायी जाण्याचे क्रियापद वेगळे आणि वाहनाने जाण्याचे वेगळे. क्रिया पूर्ण झाली की चालू आहे, यावर क्रियापदाचे रूपच बदलते. विभक्तीचे तक्ते शाळेत घोकलेल्या मराठी माणसाला यातले बरेच काही ओळखीचे वाटेल. संस्कृतातील भ्रातृ, नभस् आणि अग्नी यांचे सगेसोयरे रशियनमध्ये ब्रात, न्येबो आणि अगोन या रूपांत नांदतात. नावानंतर वडिलांचे नाव लावण्याची रीत तेथेही आहे. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ हा भेदही आहे. आणि आपण विठ्ठलाला ‘तू’ म्हणतो, तसेच रशियन माणूसही देवाला ‘तू’च म्हणतो. इंग्रजी मातृभाषा असलेल्या मुलाला मात्र हे सारे डोंगर चढल्यासारखे वाटते. तरीही काही दिवसांतच त्याला त्या मोडक्यातोडक्या रशियनमध्ये प्रार्थना करावी लागते आणि समोर बसवलेल्या ‘जिज्ञासू’ला आपली श्रद्धा समजावून सांगावी लागते. चुकत, अडखळत, हसे होऊ देत तो शिकतो.

या शिस्तीचे फळ केवळ पंथाला मिळते असेही नाही. तरुणपणी तैवानमध्ये मिशनरी म्हणून चिनी भाषा शिकलेले जॉन हंट्समन पुढे 2009 ते 2011 या काळात अमेरिकेचे चीनमधील राजदूत होते. पंथाने घडवलेला माणूस राष्ट्रालाही उपयोगी पडतो, तो असा.

येथवर कौतुक झाले. आता प्रश्नाची दुसरी बाजू. हा तरुण रशियन शिकतो तो कशासाठी? पुश्किन आणि टॉलस्टॉय समजून घेण्यासाठी नव्हे. आपल्याजवळ जे सत्य आहे ते रशियन माणसाजवळ नाही, ते त्याला द्यावयाचे आहे, हा त्यामागील हेतू असतो. भाषा ऐकण्यासाठी शिकणे आणि केवळ सांगण्यासाठी शिकणे, या दोहोंत फार मोठे अंतर आहे.

खुद्द रशियाचा इतिहास या अंतराची साक्ष देतो. तो मुलगा जी सिरिलिक लिपी गिरवतो, तिला नाव आहे संत सिरिल याचे. तोही मिशनरीच. नवव्या शतकात त्याने आणि त्याचा बंधू मेथोडियस याने स्लाव्ह लोकांच्या भाषेला प्रथम लिपी दिली. आजची सिरिलिक त्यांच्या परंपरेतून पुढे घडली. चौदाव्या शतकात स्तेफान नावाचा रशियन धर्मगुरू उत्तरेकडील कोमी लोकांत गेला. त्याने त्यांची भाषा आत्मसात केली आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र लिपी रचली. त्याच हातांनी त्याने त्यांचा पवित्र भूर्जवृक्षही तोडला, असे त्याच्या चरित्रात सांगितले आहे. लिपी दिली आणि देव नेला! पुढे तीन शतकांत ती लिपीही लोप पावली.

आपल्या गोमंतकातही हेच घडले. 1579 मध्ये गोव्यात आलेला इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स मराठीवर असा लुब्ध झाला, की 1616 मध्ये छापल्या गेलेल्या त्याच्या ‘क्रिस्तपुराणा’ची रचना ओवीबद्ध मराठीत आहे. त्याचे मराठीचे प्रेम खरे होते, ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु 1684 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने तेथील प्रजेला तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम दिला. परक्याच्या प्रेमावर विसंबलेली भाषा परक्याच्या हुकुमाने धोक्यात येते, हा त्यातील बोध.

यावर रशियाने कोणता उपाय केला? मॉर्मनांना 1991 मध्ये तेथे मान्यता मिळाली. सत्तर वर्षांच्या सक्तीच्या नास्तिकतेनंतर समाजमन रिते झाले होते आणि दारावर थाप मारणारा, अडखळत का होईना रशियन बोलणारा, परका तरुण होता. 1997 च्या कायद्याने नव्या पंथांवर बंधने आणली. 2016 च्या कायद्याने प्रार्थनास्थळांबाहेरील प्रचार जवळजवळ बंद केला. परदेशी व्यक्तीला दंड आणि हद्दपारीचीही तरतूद झाली. मॉर्मन मिशनरी तेथे ‘स्वयंसेवक’ म्हणवून घेऊ लागले आणि 2022 मध्ये युक्रेन युद्ध सुरू होताच परदेशी स्वयंसेवक अन्यत्र हलवले गेले. तरीही रशियन शिकवणे थांबलेले नाही. रशियाबाहेर रशियन बोलणारे पुष्कळ आहेत.

लोभ, फसवणूक आणि धाकदपटशा यांना आवर घालणारा कायदा हवाच. परंतु श्रद्धेलाच संशयित मानणारा कायदा आपला-परका पाहत नाही. 2011 मध्ये सायबेरियातील तोम्स्क शहरात सरकारी वकिलांनी इस्कॉनच्या भगवद्गीतेच्या रशियन आवृत्तीवर ‘जहाल साहित्य’ म्हणून बंदी मागितली होती. आपल्या संसदेत त्यावर संताप उसळला आणि 28 डिसेंबर 2011 रोजी न्यायालयाने ती मागणी फेटाळली. कोणालाही उपदेशाने न बाटवणारी गीताही तेथे आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली, हे विसरता कामा नये.

मग उत्तर कशात आहे? ते त्या मुलाच्या साडेसहाच्या घंटेत आहे. आपल्या घरांतील किती तरुण जर्मन किंवा जपानी शिकतात आणि किती जण गोंडी, कोरकू, भिली? मेळघाटातील आई आपल्या तापलेल्या लेकराबद्दल काय सांगते, ते दुभाष्याविना कळणारे पुण्या-नागपुरातील किती जण आहेत? 1952 मध्ये जशपूरला वनवासी कल्याण आश्रमाची मुहूर्तमेढ रोवणाऱ्या बाळासाहेब देशपांडे यांच्या आणि ईशान्येत आयुष्य घालवणाऱ्या प्रचारकांच्या वाटेवर आजही माणसे आहेत. पण ती मोजकी आहेत. मध्यमवर्गीय कुटुंबांनी त्यांना निधी दिला, मुलगा-मुलगी मात्र क्वचितच दिली.

आपल्याला कोणाचा देव काढून घ्यायचा नाही. म्हणूनच आपल्याला भाषा शिकणे अधिक शोभते. आपण ऐकण्यासाठी शिकू शकतो. ज्या पाड्यावर त्याच्या स्वतःच्या बोलीत त्याचे सुखदुःख विचारणारा आप्त पोहोचला आहे, तेथे परक्याला जागा शोधावी लागते. जेथे कोणीच गेले नाही, तेथे दोन महिन्यांच्या तोकड्या शिदोरीवर आलेला अठरा वर्षांचा ‘ज्येष्ठ’ही आप्त ठरतो. त्याच्यावर रागावण्यापूर्वी, ती जागा रिकामी कोणी ठेवली याचा हिशेब आपल्याच घरात मांडावा लागेल.