आजी, अज्जी आणि चौकाबारा

आमच्या मुलांना दोन आज्या. माझी आई ती 'आजी' आणि सौ.ची आई ती 'अज्जी'. फरक एका जोडाक्षराचा, पण मुलांची त्यात कधी गल्लत होत नाही. आजी खानापूरची, अज्जी धारवाडची. आजीचे कानडी बाजारापुरते: एष्टु, ब्याड, साकु. अज्जीचे मराठी जुन्या नाटकांवर पोसलेले, फक्त 'तो गाडी' आणि 'ती रस्ता' एवढेच काय ते. आमच्या लग्नाला सोळा वर्षे झाली, पण या दोन विहिणी एका छपराखाली सलग दोन रात्री कधी राहिल्या नव्हत्या.

सासरे गेल्यापासून अत्ती धारवाडच्या घरात एकट्या असतात. त्यांनी बेळगावला आमच्याकडे येऊन राहावे असे सौ.ला फार वाटते, मलाही वाटते. पण सत्तरी ओलांडलेल्या दोन बायका, आमटीच्या दोन पद्धती आणि घरात टीव्ही एकच! "आधी चार दिवस सगळे मिळून कुठे तरी जाऊन येऊ, मग बघू," असे सौ.ने सुचवले. गेल्या दसऱ्याच्या सुट्टीत हंपीला जायचे ठरले ते असे. सहल नावाची, परीक्षाच होती. परीक्षा आहे हे सर्वांना ठाऊक होते आणि कोणीच बोलत नव्हते.

चिरंजीव नववीत. बॅगेत कपड्यांच्या आधी त्याने एक खेळणे भरले. तळहातावर मावणारे, बाजारात स्वस्तात मिळणारे, पोटात चारशे गेम असलेले. मी तोंड उघडणार तेवढ्यात पडद्यावर 'कॉन्ट्रा' दिसला आणि माझे तोंड मिटले. वाचकहो, ज्यांचे बालपण १९९०च्या आसपास गेले त्यांना सांगायला नको. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली जे यंत्र काढले, त्याच्या नकला आपल्याकडे घरोघरी आल्या. आम्ही गल्लीतल्या दुकानातून तासावर भाड्याने आणायचो. कॅसेट चालली नाही की काढून फुंकर मारायची, पुन्हा घालायची. मारिओ, बदकांची शिकार, आणि दोघांनी मिळून खेळायचा कॉन्ट्रा. तीन जीव मिळायचे आणि ते पाच मिनिटांत संपायचे. पण सुरुवातीच्या पडद्यावर वर-वर-खाली-खाली-डावे-उजवे-डावे-उजवे आणि मग बी, ए अशी बटणे दाबली की तीनाचे तीस! ही युक्ती काझुहिसा हाशिमोतो या जपानी प्रोग्रॅमरची. १९८६ साली 'ग्रेडियस' नावाचा गेम तपासताना तो त्यालाच जड जायला लागला, म्हणून त्याने स्वतःच्या सोयीसाठी ही चोरवाट ठेवली आणि ती तशीच राहून गेली. हाशिमोतो २०२० साली वारले. त्यांच्या बोटांची ती खूण चिरंजीवाला मी गाडीतच शिकवली. गेली दोन वर्षे माझ्याकडून काही शिकायला तो तयार नव्हता, हेही इथे नोंदवून ठेवतो.

बेळगावहून होस्पेट अडीचशे किलोमीटर. धारवाडला अज्जीला घेतले, हुबळीत गिरमिट आणि मिरची भजी झाली, गदग, कोप्पळ करत दुपारी पोहोचलो. वाटेत दोघी विहिणी मधल्या सीटवर दोन खिडक्यांना टेकून. मध्ये धाकटी, दुभाषी म्हणून. अज्जी तिला कानडीत सांगणार, ती मराठीत आजीला पोहोचवणार, आणि तिच्या मनाला येईल ते गाळणार.

संध्याकाळी लॉजच्या जुन्या टीव्हीला ते खेळणे जोडले आणि बापलेक बसलो. कॉन्ट्राच्या तिसऱ्या टप्प्यात धबधबा आहे. खालून वर उड्या मारत चढायचे. त्यात एक गोम आहे. एकाने घाई करून वर झेप घेतली की पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेला गडी पडद्याबाहेर जाऊन मरतो. चिरंजीव सुसाट वर. मी खाली. तीसपैकी अकरा जीव माझे असेच गेले. अज्जी पलंगावरून बघत होत्या. त्यांनी विचारले, "इदराग यार गेद्रु?" दोघे एकाच बाजूचे आहेत, जिंकले तर दोघे जिंकणार, असे चिरंजीवाने सांगितले. "मग तू अप्पाला खाली सोडून का पळतोस?" हे मात्र त्यांनी मराठीत विचारले, आणि आईने तिकडून प्रथमच मान डोलावली.

हंपीबद्दल सविस्तर लिहीत नाही. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, आणि या गावावर लिहिणारे जाणकार पुष्कळ आहेत. विरूपाक्षाच्या देवळात गोपुराची उलटी सावली पाहिली. हेमकूटाजवळचे दोन गणपती पाहिले, एक कडलेकाळु म्हणजे हरभऱ्याएवढा आणि दुसरा सासिवेकाळु म्हणजे मोहरीएवढा. हरभरा सुमारे पंधरा फुटांचा आणि मोहरी आठ फुटांची! धाकटी हसून हसून बेजार. बॅटरीच्या गाडीतून विठ्ठलाच्या देवळात गेलो. दगडी रथ समोर येताच चिरंजीवाने खिशातली पन्नासची नोट काढून ताडून पाहिला. तो रथ २०१७पासून नोटेवर आहे. खरे तर ते गरुडाचे देऊळ, रथाच्या आकाराचे. वाजणाऱ्या खांबांना हात लावायला आता मनाई आहे.

गाभाऱ्यात मूर्ती नाही. आमच्या आईने त्या रिकाम्या गाभाऱ्याला हात जोडले. कृष्णदेवरायाने पंढरीचा विठ्ठल इथे आणला आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत नेला ही कथा वारकऱ्यांच्या घरात पाठच असते. ती तिने नातीला सांगितली. अज्जींनी लगेच नदीकाठचा पुरंदरदासांचा मंडप दाखवून त्यांची कथा सांगितली, कानडीत. पुरंदरदासांच्या प्रत्येक पदाच्या शेवटी विठ्ठल येतो हे आईला माहीत नव्हते. "तुमच्यातही विठ्ठलच?" असे ती म्हणाली. हा प्रश्न धाकटीने न गाळता पोहोचवला.

पण खरी गंमत बाहेर, जुन्या बाजाराच्या ओवरीत घडली. ऊन चढले होते म्हणून सावलीला टेकलो, तर अज्जी फरशीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "नोड्रि, चौकाबारा!" दगडात पाच बाय पाच घरांचा पट कोरलेला. बाजूंच्या मधल्या घरांवर आणि मध्यभागी फुल्या. आई वाकून म्हणाली, "अगंबाई, हा तर अष्टचंग!"

हंपीच्या फरशांवर, पायऱ्यांवर, खडकांवर असे पट जागोजागी आहेत. सोंगट्यांचे, वाघ-बकरीचे, नवकंकरीचे. एल्के रोजर्सडॉटर नावाच्या स्वीडिश संशोधक बाईंनी त्यांचा खास अभ्यास करून २०१५ साली त्यावर निबंध लिहिला. पटावर नाव नसते, साल नसते. पहारेकरी असतील, हमाल असतील, १५६५च्या लढाईनंतर ओस पडलेल्या गावात गुरे घेऊन आलेली पोरेही असतील.

चिंचेची झाडे तिथे हवी तितकी. चिंचोके फोडून चार डाळी घेतल्या. एक बाजू काळी, दुसरी पांढरी. चारही पांढऱ्या पडल्या तर चार, चारही काळ्या तर आठ. आजीचे खडे, अज्जीची शेंगांची टरफले, मुलांच्या काड्या. खेळ रंगला आणि दहाव्या मिनिटाला भांडण लागले. आईचे म्हणणे, दुसऱ्याची सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत शिरताच येत नाही. अज्जींचे म्हणणे, असा काही नियम नाही, माझी काय सरळ जाऊन हण्णु होणार. कच्च्या सोंगटीला त्या 'काय' म्हणतात आणि मधल्या घरात पोहोचली की ती पिकते, हण्णु होते. दुभाषी धाकटीला कोणी विचारीना. आजी मराठीतून, अज्जी कानडीतून, थेट एकमेकींशी. कॉन्ट्राचा नियम कॅसेटच्या पोटात असतो, त्याच्याशी हुज्जत घालता येत नाही. इथे दगडावर नुसत्या रेषा आणि नियम या दोन बायकांच्या डोक्यात, तोही वेगवेगळा. चिरंजीव खिशातले खेळणे विसरून बघत बसला होता.

आवाज ऐकून पहारेकरी आला. आम्हाला वाटले, आता उठवणार. पण तो पट बघत उभा राहिला. अज्जींनी त्यालाच पंच केले. तो म्हणाला, आमच्या गावात मारावे लागते, पण आठ पडले तर न मारताही आत जाता येते. तिसराच नियम! दोघी विहिणी त्याच्यावर एकदमच तुटून पडल्या.

परतताना अज्जी धारवाडला उतरल्या. येण्याबद्दल कोणी विषय काढला नाही. आईने गाडीच्या खिडकीतून एवढेच सांगितले, "बीगरु, आलात तर कवड्या घेऊन या. चिंचोके नीट पडत नाहीत."

त्या दिवाळीनंतर आल्या. पंधरा दिवसांसाठी म्हणून, एकाच पिशवीनिशी, आणि पिशवीत कवड्या. पंधरा दिवस कधीच उलटून गेले. पिशवी मात्र अजून दाराच्या मागेच टांगलेली आहे. सौ. ती रोज पाहते आणि काही बोलत नाही. आमटीचा प्रश्न सुटलेला नाही. टीव्हीचा सुटला, कारण दुपारी तो कोणी लावत नाही. चिरंजीवाने पुठ्ठ्यावर पट आखून दिला आणि तोडगाही काढला. शहरात गाड्या लावायला असतो तसा: सम तारखेला धारवाडचा नियम, विषम तारखेला खानापूरचा. महिना एकतीस दिवसांचा असला की विषम तारखा लागोपाठ दोन येतात, हे अज्जींच्या परवाच लक्षात आले. त्यावरून सध्या बोलणी चालू आहेत.