अळीची शिदोरी

गेल्या दिवाळींत आमचा पुतण्या पुण्याहून अहमदपुरास घरीं आला, तो एक नवा बेत घेऊनच. वय पंचवीस, कारखान्यांत तीन वर्षांची नोकरी, आणि मनांत स्वतंत्र धंद्याची उमेद. घरामागील परसांत काळ्या सैनिकमाशीच्या अळ्या पाळावयाच्या. अंडीं व पेट्या एक गृहस्थ देणार, आणि वाढलेल्या अळ्या तेच परत विकत घेणार. भांडवल दोन लक्ष रुपये. पैकीं एक लक्ष नोकरी सोडून भविष्यनिर्वाह निधींतून काढावयाचे, व उरलेले मोबाइलवरून झटपट मिळणाऱ्या कर्जाचे!

“भाऊजी, ह्या घरांत आजवर कोणीं किडे पाळले नाहींत,” म्हणून वहिनींनीं कपाळास हात लाविला. आम्हांस मात्र अळीपेक्षां त्या कराराचीच धास्ती अधिक वाटली.

प्रथम अळीस न्याय देऊं. ही माशी घरमाशीप्रमाणें अन्नावर घोंगावत नाहीं व चावतही नाहीं. तिची अळी भाजीपाल्याचें व फळांचें टाकाऊ खाऊन दोन-तीन आठवड्यांत पुष्ट होते. मग तिचा रंग काळपट होतो आणि ओला कचरा सोडून ती आपण होऊन कोरड्या जागेकडे चढूं लागते. पेटीस उतरती फळी लाविली कीं अळ्या आयत्याच भांड्यांत पडतात. वाळविलेल्या अळींत सुमारें दोन पंचमांश प्रथिनें असतात. ती कोंबड्यांस व माशांस चालते, आणि पेटींत उरतें तें खत होतें. यूरोपांत हें खाद्य माशांस देण्यास २०१७ सालीं व कोंबड्या-डुकरांस देण्यास २०२१ सालीं परवानगी मिळाली. तेव्हां विद्या खरी आहे. तिला नाक मुरडण्याचें कारण नाहीं.

परंतु विद्या खरी म्हणून व्यवहारही खरा, असें होत नाहीं. अळी पाळून संसार चालविणें मराठवाड्यास नवें नाहीं. तुतीच्या पाल्यावर रेशमाचे किडे पाळणारे शेतकरी आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांच्या कोषांसाठीं जालन्यास २०१८ सालीं खुली बाजारपेठ निघाली. तेथें चार खरेदीदार बोली लावतात, व एकानें नाकारलें तर दुसरा असतो. उलट, जेथें विकणारा व परत घेणारा एकच, तेथें तो उठून गेला कीं सर्वच बुडालें. कडकनाथ कोंबड्यांच्या अशाच योजनेंत शेतकरी कसे नाडले गेले, हें २०१९ सालीं सांगलीकडे साऱ्या महाराष्ट्रानें पाहिलें.

आतां त्या निधीविषयीं. पगारांतून शेंकडा १२ कापले जातात, हें तरुणांस खटकतें. पण मालकही तितकेच घालतो, त्यांतील कांहीं भाग निवृत्तिवेतनाकडे जातो, ही गोष्ट ते विसरतात. २०२३-२४ सालीं ह्या निधीवर शेंकडा ८.२५ व्याज मिळालें. हाच दर टिकला, तर पंचविसाव्या वर्षींचा एक लक्ष साठाव्या वर्षीं सोळा लक्ष होतो. हें गणित आम्हीं पुतण्याकडूनच पाटीवर करविलें. शिवाय सलग पांच वर्षांची नोकरी होण्यापूर्वीं रक्कम काढल्यास सामान्यतः तीवर प्राप्तिकरही लागूं शकतो.

“पण काका, धोका पत्करल्यावांचून धंदा होतो का?” त्यानें विचारलें. प्रश्न रास्त होता. आम्हीं म्हटलें, “धोका पत्कर, पण उद्यांच्या शिदोरीवर नको, आणि कर्जावर तर मुळींच नको.” त्यास राग आला. दोन दिवस तो आमच्याशीं बोलला नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर आमच्या घशाखालींही घांस उतरेना.

तिसऱ्या दिवशीं त्यानें आपण होऊन एक जुनी बादली मागितली! सुटी वाढवून त्यानें मूठभर अळ्यांवर प्रयोग केला. पहिल्या खेपेस कचरा फार ओला राहून दुर्गंधि सुटली. दुसऱ्या खेपेस मुंग्या लागल्या. तिसरी खेप साधली. शेजारच्या शेतकऱ्याच्या कोंबड्यांनीं त्या अळ्यांचा फडशा पाडला. त्या भल्या गृहस्थानें मोबदल्यांत अंडीं देऊं केलीं. तीं वहिनींनीं हात जोडून परत केलीं व मेथीची जुडी घेतली. एवढाच आजवरचा नफा. नोकरी चालू आहे, निधि शाबूत आहे, आणि बादली आतां वहिनीच पाहतात.

सर्व शौचांत अर्थशौच श्रेष्ठ, असें आमच्या स्मृतिकारांनीं मानिलें आहे. परसांतील अळीनें घर विटाळत नाहीं. न कळलेल्या करारानें व कर्जाच्या पैशानें मात्र विटाळतें. त्या माशीचेंच पाहा. पंख फुटल्यावर ती जवळजवळ कांहींच खात नाहीं. अळीच्या वयांत सांठविलें, त्यावरच तिचें पुढील आयुष्य निभतें. आमच्या तरुण वाचकांनीं ही एवढी गोष्ट ध्यानांत धरावी. आणि वडील मंडळींनीं “नको” म्हणण्यापूर्वीं पाटी-पेन्सिल घेऊन मुलांजवळ बसावें.