परीक्षेची मराठी आणि घरची बोली

सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी वसलेले जळगाव जामोद हे बुलढाणा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. शेजारच्या जामोद गावासह त्याचे नाव घेतले जाते, त्यामुळे खानदेशातील जळगावाशी त्याचा घोटाळा होत नाही. उत्तरेस डोंगर आणि त्यापलीकडे मध्य प्रदेश. दक्षिणेस पूर्णेच्या खोऱ्यातील काळी जमीन. आठवड्याच्या बाजारात डोंगरातला आणि मैदानातला माणूस एकमेकांस भेटतो. अशा ठिकाणी कान देऊन उभे राहिले, तर एकाच भाषेवर भागत नाही. सखल भागातील शेतकरी वऱ्हाडी बोलतो. सीमेपलीकडून आलेला व्यापारी हिंदीत भाव सांगतो. डोंगरातून उतरलेली माणसे आपापसांत कोरकू बोलतात. आणि क्वचित याहून अगदी निराळी अशी चौथी भाषा ऐकू येते. तिचे नाव निहाली.

या साऱ्या घरांतील मुले शाळेत जातात आणि वर्षाच्या शेवटी मराठीची परीक्षा देतात. प्रश्नपत्रिकेतील मराठी मात्र यांपैकी कोणाच्याच घरात जशीच्या तशी बोलली जात नाही. मग या परीक्षेचा अभ्यास कसा करावा? पुष्कळांचे उत्तर ठरलेले असते. घरची बोली विसरावी, मार्गदर्शकातील उत्तरे पाठ करावी आणि ती जशीच्या तशी उतरून काढावी. माझ्या मते हे उत्तर दुहेरी तोट्याचे आहे. त्याने मराठी येत नाही, आणि घरची भाषा मात्र जाते.

प्रथम वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाचे पाहू. घरी तो 'मला'ऐवजी 'मले' म्हणतो, 'का'ऐवजी 'काऊन' म्हणतो, आणि 'ळ'च्या जागी बहुधा 'य' उच्चारतो. म्हणून त्याचा 'डोळा' हा 'डोया' होतो आणि 'काळा' हा 'काया' होतो. शाळेत कोणी या उच्चारांस हसले, की मूल बोलायचे थांबते. आणि जे मूल बोलायचे थांबते, त्याचे लिहिणेही लवकरच आटते. वास्तविक 'डोया' ही चूक नव्हे. तो एक नियमित ध्वनिबदल आहे. ज्याला हा नियम एकदा उमगला, त्याला 'य' कोठे 'ळ' करावयाचा आणि कोठे तसाच ठेवावयाचा, हे सहज शिकविता येते. 'पाय' हा 'पाय'च राहील, पण 'केयी' ही 'केळी' होतील. चूक म्हणून जे लाल शाईने खोडले जाते, ते नियम म्हणून समजाविले, तर व्याकरणाचा एक धडाच तयार होतो.

शब्दसंपत्तीच्या बाबतीत तर हा मुलगा गरीब नाहीच. शेताला तो 'वावर' म्हणतो, बांधाला 'धुरा', बैलगाडीला 'बंडी' आणि कपाशीच्या झाडाला 'पऱ्हाटी'. 'माझा गाव' या विषयावर निबंध लिहिताना हे शब्द त्याने का टाकून द्यावे? ते टाकून तो जेव्हा 'निसर्गरम्य परिसर' आणि 'खळखळ वाहणारी नदी' असे उसने शब्द आणतो, तेव्हा त्याचा निबंध शेजारच्या बाकावरील मुलाच्या निबंधासारखाच दिसू लागतो. त्या गावाजवळून नदी वाहते की नाही, याचीही मग चौकशी कोणी करीत नाही! उद्धव शेळके यांची 'धग' ही कादंबरी १९६० साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील माणसे वऱ्हाडी बोलतात आणि मराठीतील श्रेष्ठ कादंबऱ्यांत तिची गणना होते.

याचा अर्थ प्रमाण भाषा नको, असा मुळीच नाही. बुलढाण्यात लिहिलेला अर्ज रत्नागिरीत वाचता आला पाहिजे आणि नागपुरात छापलेले पुस्तक बेळगावच्या मुलाला कळले पाहिजे. त्यासाठी सर्वांनी मान्य केलेली एक लेखनपद्धती लागते. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले लेखनविषयक नियम १९६२ साली शासनाने स्वीकारले, ते याच गरजेतून. रस्त्याने डावीकडून चालावे असा जसा नियम असतो, तसाच हा नियम आहे. तो पाळावा; मात्र तो पाळणारा शहाणा आणि न जाणणारा अडाणी, असे समजू नये.

कोरकू घरातील मुलाची वाट याहून अवघड आहे. वऱ्हाडी ही मराठीचीच बोली. कोरकू मराठीच्या कुळातलीसुद्धा नाही. ती मुंडा गटातील भाषा असून तिचे जवळचे नातलग झारखंडकडील संथाळी, मुंडारी या भाषा आणि दूरचे नातलग थेट कंबोडिया व व्हिएतनाम या देशांत आहेत. पाण्याला कोरकूत 'डा' म्हणतात. निहाली तर आणखी नवलाची. तिचे बोलणारे तिला 'कालटो मंडी' म्हणतात. डच पंडित कायपर यांनी १९६२ साली या भाषेवर ग्रंथ लिहिला. कोरकू, द्राविडी आणि आर्य भाषांतून आलेले शब्द बाजूला काढल्यावर सुमारे एक चतुर्थांश शब्द असे उरले, की ज्यांचा सांधा कोणत्याच ज्ञात भाषेशी जुळेना. तिच्यात पाण्याला 'जोप्पो' म्हणतात. जगात अशा एकाकी भाषा थोड्याच आहेत, आणि त्यांतील एक जळगाव जामोद तालुक्यातील काही खेड्यांत आणि सीमेपलीकडच्या शेजारच्या मुलखात नांदते आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील अभ्यासकांनीही तिचे संशोधन केले आहे. तिला स्वतःची लिपी नाही. तिचे बोलणारे अवघे दोन-अडीच हजारांच्या घरात असावेत, असा अंदाज केला जातो. आणि नव्या पिढीचा ओढा कोरकू, मराठी व हिंदी यांकडे आहे.

निहाली घरातील बारा वर्षांची मुलगी मराठीच्या धड्यावरील प्रश्नाचे उत्तर लिहिते, तेव्हा तिने किती मजल मारलेली असते याचा विचार करावा. घरी निहाली, शेजारी कोरकू, बाजारात वऱ्हाडी वा हिंदी आणि पुस्तकात प्रमाण मराठी! शहरातील एकभाषी मुलाला तिच्याइतके गुण मिळाले, तर दोघांची कमाई समान आहे असे मला वाटत नाही. पण गुणपत्रिकेवर ही मजल नोंदविण्यास रकाना नसतो.

पालक म्हणतात, "घरची भाषा बोलून मुलाचे नुकसान होते, आता घरातही मराठीच बोलू." त्यांची कळकळ खरी आहे. ज्यांनी भाषेपायी कचेरीत आणि दवाखान्यात अपमान सोसला, ते आपल्या मुलास तो सोसावा लागू नये असेच म्हणणार. परंतु आजीला जी भाषा नीट येते, त्या भाषेतच ती गोष्ट नीट सांगू शकते. गोष्ट ऐकता ऐकता मूल क्रम लावण्यास शिकते, कारण शोधण्यास शिकते, कोण खरे बोलला नि कोण खोटे हे ताडण्यास शिकते. परीक्षेत उताऱ्यावरील प्रश्न सोडविण्यास नेमके हेच लागते. ही शक्ती एका भाषेत मिळविली, की दुसरीत नेता येते. घरात तुटपुंज्या मराठीत दोन वाक्ये बोलून थांबणाऱ्या आजीकडून ती कशी मिळणार?

अशा प्रसंगी दुसऱ्या देशाचा अनुभव उपयोगी पडतो. युरोपच्या पश्चिम टोकास आयर्लंड नावाचे बेट आहे. तेथील जुनी भाषा आयरिश. इंग्रजांच्या राज्यात ती मागे पडली आणि बहुतेक लोकांच्या तोंडी इंग्रजी आली. १९२२ साली देशाचा मोठा भाग स्वतंत्र झाल्यावर नव्या सरकारने शाळांतून आयरिश सक्तीची केली. १९३४ पासून तर असा नियम झाला, की शालान्त परीक्षेत आयरिशमध्ये अनुत्तीर्ण होणाऱ्यास प्रमाणपत्रच मिळू नये. तो नियम १९७३ साली रद्द झाला. विषय म्हणून आयरिश आजही शिकावी लागते.

एवढ्या सक्तीने काय साधले? २०२२ च्या जनगणनेत सुमारे १८ लाख ७४ हजार लोकांनी आपल्यास आयरिश बोलता येते असे सांगितले. पण शाळेबाहेर ती रोज बोलणारे केवळ ७२ हजारांच्या आसपास निघाले. परीक्षेने भाषा ठाऊक असणारे लाखो लोक निर्माण केले, तिच्यात रोज बोलणारे मात्र थोडेच. याची कारणे अनेक असतील. माझ्या समजुतीप्रमाणे एक मोठे कारण असे, की कित्येक वर्षे ती भाषा मुलांच्या वाट्यास वहीतूनच आली.

यासंबंधी पेग सेयर्स या बाईंची हकीकत मोठी बोलकी आहे. त्या १८७३ साली जन्मल्या आणि लग्नानंतर ब्लास्केट नावाच्या खडकाळ बेटावर राहिल्या. शाळेत त्यांस केवळ इंग्रजी अक्षरे शिकविलेली. स्वतःच्या आयरिश भाषेत लिहिता येत नव्हते. पण गोष्ट सांगावी ती त्यांनीच! त्यांनी आपले आत्मचरित्र मुलास सांगितले, त्याने ते लिहून घेतले, आणि १९३६ साली ते पुस्तकरूपाने निघाले. पुढे अनेक वर्षे ते शाळांतून नेमलेले होते. आणि मौज पाहा, हजारो मुलांना ते नकोसे झाले. चुलीपाशी बसून ऐकण्याची कथा परीक्षेसाठी शब्दार्थ लिहून घोकावी लागली, तर आणखी काय होणार?

हे वाचताना मराठी वाचकास बहिणाबाई चौधरींची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. त्या दुसऱ्या जळगावाजवळच्या, असोद्याच्या. त्यांनाही लिहिता येत नव्हते. घरकाम आणि शेतकाम करताना त्यांनी रचलेली गाणी मुलगा सोपानदेव आणि एक आप्त यांनी टिपून ठेवली. बहिणाबाई १९५१ साली वारल्या आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती गाणी प्रसिद्ध झाली. आज ती पाठ्यपुस्तकांत असतात. पेगबाईंच्या वाट्यास जे आले, ते बहिणाबाईंच्या वाट्यास येऊ द्यावयाचे की नाही, हे पुष्कळसे आपल्या अभ्यासाच्या रीतीवर अवलंबून आहे. त्यांची कविता प्रथम मोठ्याने म्हणावी. जळगाव जामोदच्या मुलास त्यातील कितीतरी शब्द कोशाशिवाय कळतील, कारण ते त्याच्या आजीच्या तोंडचे असतात. पुण्याच्या मुलाने त्या दिवशी त्याच्याकडून अर्थ विचारून घ्यावा!

मार्गदर्शक पुस्तकांविषयी थोडे बोलावे लागेल. शब्दार्थ पाहण्यापुरती ती जवळ असण्यास माझी हरकत नाही. पण मराठीच्या प्रश्नपत्रिकेत 'स्वमत' या नावाचा प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तरही छापील मिळते. स्वतःचे मत दुसऱ्याने लिहिलेले पाठ करावे, याहून विनोदी गोष्ट शोधून सापडणार नाही. परीक्षकाच्या हाती एकाच शब्दांतील पन्नास 'स्वमते' आली, तर त्याने कोणास गुण द्यावे?

तेव्हा धडा वाचून झाल्यावर पुस्तक मिटावे आणि तो घरातील कोणास तरी घरच्या भाषेत सांगावा. वऱ्हाडीत सांगा, कोरकूत सांगा, निहालीत सांगा. सांगताना जेथे अडखळाल, तेथे धडा कळलेला नाही असे समजावे आणि तेवढा भाग पुन्हा वाचावा. मग तोच आशय आपल्या शब्दांत मराठीत लिहावा आणि शेवटी शुद्धलेखन तपासावे. बहुतेक मुले हा क्रम उलटा करतात; ऱ्हस्वदीर्घाच्या धास्तीने पहिले वाक्यच लिहीत नाहीत. या रीतीने दिवसाला एकच धडा होईल, पण तो पुढच्या वर्षीही आठवेल.

शाळांनीही काही करावयास हवे. आयर्लंडमध्ये शालान्त परीक्षेतील आयरिशच्या गुणांपैकी ४० टक्के गुण २०१२ पासून तोंडी परीक्षेस आहेत, आणि पुष्कळ मुले उन्हाळ्यात पश्चिम किनाऱ्यावरील आयरिशभाषी कुटुंबांत जाऊन राहतात. आपल्याकडे दहावीच्या मराठीत १०० पैकी ८० गुण लेखी उत्तरांना आहेत. उरलेल्या २० गुणांतील तोंडी परीक्षा तरी मनापासून घ्यावी. पाच मिनिटांत वर्ग उरकून ती होत नाही. विद्यार्थ्यास एक गोष्ट सांगावयास लावावी. ज्याच्या घरी कोरकू किंवा निहाली असेल, त्याने ती प्रथम त्या भाषेत सांगावी आणि नंतर मराठीत. पहिला अर्धा भाग गुरुजींना आणि वर्गाला कळणार नाही, ही अडचण खरी आहे. पण पहिलीच्या वर्गात त्या मुलाचीही तीच अडचण होती, आणि तो तरीही बसून राहिला होता. गोष्ट संपल्यावर फळ्यावर दोन रकाने आखावे, त्यातील पाच-दहा शब्द देवनागरीत लिहावे आणि समोर मराठी शब्द मांडावे. असे वर्षभर केले, तर वर्गाजवळ एक छोटासा शब्दसंग्रह जमेल. त्याची वही शाळेच्या कपाटात ठेवावी आणि पुढच्या वर्षीच्या वर्गाच्या स्वाधीन करावी.