यंदाचा डिसेंबर नको

महालक्ष्मीचा शर्यतींचा हंगाम संपत आला की रायडिंग स्कूलच्या प्रशिक्षकांना फोन यायला लागतात. ‘पाच वर्षांचा आहे, खच्ची केलेला, पायाला काही नाही, स्वभावाने गरीब. न्यायचा तर याच आठवड्यात न्या.’ मुंबईचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल आणि पुण्याचा पावसाळ्यात. मधल्या काळात मालक हिशेब करतो, आणि ज्याच्यावर यापुढे खर्च करण्यात अर्थ नाही तो घोडा तबेल्याबाहेर पडतो. किंमत नाममात्र, कधी तीही नाही. बाहेरून आणलेला वॉर्मब्लड परवडत नाही, हिवाळ्यात प्रादेशिक लीगच्या स्पर्धा असतात, शिकणाऱ्या मुलांचे पालक घोड्याबद्दल विचारत असतात. मग आपल्यातले बरेच जण हो म्हणतात. आमचे म्हणणे एवढेच की घोडा जरूर घ्या, पण यंदाच्या डिसेंबरसाठी घेऊ नका.

या घोड्यांबद्दलच्या तक्रारी ठरलेल्या असतात. तोंडाचा कडक आहे. पाय लावला की उधळतो. स्वार चढत असताना उभा राहत नाही. बरोबरचा घोडा दिसेनासा झाला की खिंकाळून मैदान डोक्यावर घेतो. एका हाताला छान वळतो, दुसऱ्या हाताला लाकडासारखा. तक्रार करणारा शेवटी म्हणतो, ‘याला काहीच शिकवलेले नाही.’ हे साफ खोटे आहे. दीड-दोन वर्षांचा असल्यापासून रोज पहाटे त्याला शिकवले गेले आहे, जाणत्या माणसांनी शिकवले आहे, आणि तो ते इमानाने पाळतो आहे.

लगामाचेच पाहा. जॉकी लगामाच्या दोन्ही वाद्या एकमेकींवर घेऊन मानेवर पूल करतो आणि घोडा त्यावर रेलून धावतो. तो ताण त्याचा आधार असतो. आता आपल्याकडचा हौशी स्वार घाबरला की काय करतो? लगाम आखडून घट्ट धरतो. घोड्याला त्याचा अर्थ एकच माहीत आहे: वेळ आली, सुटा. तो वेग घेतो, स्वार आणखी ओढतो, तो आणखी रेलतो. दुसऱ्या दिवशी कुणीतरी जास्त कडक बिट घेऊन येतो. घोडा जे शिकला ते त्याने केले आणि त्याची शिक्षा त्याच्या तोंडाला झाली. अशा घोड्याला साधे जाड स्नॅफल पुरते. बदलायचे असते ते त्याने रेलावे म्हणून समोर धरलेले दोन हात. ओढ, सोड, पुन्हा ओढ, पुन्हा सोड, आणि त्याआधी आवाजाने थांबायला शिकवणे.

पायाचेही तसेच. शर्यतीत रिकिबी आखूड असतात, जॉकीचे गुडघे मानेजवळ आणि बूड खोगिरावर नसतेच. सकाळच्या सरावात रिकिबी थोड्या लांब असतात, पण पोटाच्या दोन्ही बाजूंना लोंबणारी पोटरी, तिचा हळू दाब, एका पायाने बाजूला सरकण्याची सूचना हे काही त्याच्या भाषेत नाही. नवा स्वार खोगिरावर धपकन बसला की त्याची पाठ आखडते. चढतानाचा प्रकार तर साधाच आहे: जॉकीला चालत्या घोड्यावर पायाला हात देऊन उचलून बसवतात. उभे राहण्याची अपेक्षा त्याच्याकडून कुणी केलीच नव्हती. म्हणून पहिल्या आठवड्यातला धडा म्हणजे चौथऱ्याजवळ नेणे, उभे करणे, पाठीवर हात टेकवणे, पुन्हा तबेल्यात. कंटाळवाणे आहे खरे. त्यात फोटो काढण्यासारखे काही नसते, म्हणून तो वगळला जातो आणि पुढचे वर्षभर मोतद्दाराने लगाम धरल्याशिवाय कुणाला चढता येत नाही.

मोठ्या ट्रॅकचे वळण आणि वीस मीटरचे वर्तुळ यांत काही साम्य नाही. शर्यतीचे वळण त्याने वर्षानुवर्षे एकाच हाताला घेतलेले असते. त्याला चाळीस बाय वीसच्या मैदानात आणून कोपऱ्यात कँटर मागितला तर तो तोल सांभाळण्यासाठी पळतो. त्याला आपण गरम डोक्याचा म्हणतो. आधी चाल, मग दुडकी, मोठ्या रेषांवर, दोन्ही हातांना सारखा वेळ; जमिनीवर साधारण 1.3 मीटर अंतराने ठेवलेले बांबू दुडकीत ओलांडणे. आणि कँटर उशिरा, तोही आधी बाहेर सरळ रस्त्यावर एखाद्या म्हाताऱ्या, समजूतदार घोड्याच्या मागे.

इथे एका सवयीबद्दल स्पष्ट बोलायला हवे. घोडा तापट आहे म्हणून त्याला आधी लाँजवर अर्धा-पाऊण तास पळवून दमवायचे आणि मग मुलाला वर बसवायचे, ही पद्धत अनेक ठिकाणी बिनदिक्कत चालते. शर्यतीच्या तयारीतला थरोब्रेड असा दमत नाही. तो आणखी तयार होतो. आणि लहान वर्तुळात वेगाने फिरल्याचा सगळा भार पुढच्या पायांच्या शिरांवर येतो, ज्या शर्यतीत आधीच ताणलेल्या असतात. लाँजिंग दहा मिनिटे, चालीत आणि संथ दुडकीत, आवाज ओळखायला शिकवण्यासाठी. बस.

डिसेंबर नको म्हणण्याचे खरे कारण त्याच्या पायाखाली आहे. खूर महिन्याला साधारण आठ ते दहा मिलिमीटर वाढतो. पुढच्या बाजूचा खूर वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत पूर्ण नवा यायला नऊ महिने ते वर्ष लागते. म्हणजे एप्रिलमध्ये आणलेला घोडा डिसेंबरमध्ये अजून शर्यतीच्याच खुरावर उभा असतो: पुढे लांबलेले टोक, मागे खचलेली टाच, हलक्या ॲल्युमिनियमच्या नाला ठोकून ठोकून चाळण झालेली भिंत. नालबंदाने दर चार ते सहा आठवड्यांनी थोडे थोडे टोक मागे घेतले तरच टाच उभी राहते. एका बैठकीत सगळे ‘सरळ’ करणारा नालबंद घोडा लंगडा करून जातो. एक्स-रे हाताशी असेल तर नालबंदाला दाखवा. पशुवैद्य आणि नालबंद एकाच दिवशी तबेल्यात असावेत, हा खर्च वाया जात नाही.

पोटाचे थोडक्यात. सरावातल्या शर्यतीच्या घोड्यांची एंडोस्कोपी केली तर बहुसंख्यांच्या जठरात व्रण सापडतात, हे वेगवेगळ्या देशांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. घोड्याच्या पोटात आम्ल अखंड सुटत असते, तो चरत नसला तरी. धान्य जास्त, चारा कमी आणि दिवसाचे वीसेक तास बंद खोली, हा त्या व्रणांचा रस्ता. तंग आवळताना चावणारा, खरारा करताना पोट आत ओढणारा घोडा वाईट चालीचा ठरवण्याआधी पशुवैद्याला बोलवा. चंदी एकदम तोडू नका. दोन-तीन आठवड्यांत ओट्स कमी करत आणा, एका वेळी दोन किलोच्या वर धान्य नको, आणि साडेचारशे किलोच्या घोड्याला दिवसाला निदान सात किलो कोरडा चारा मिळू द्या. लसूणघास थोडा जरूर द्या, त्यातल्या कॅल्शियमने आम्ल मवाळ होते.

घेताना कुठला दोष चालतो आणि कुठला नाही, यावर आपल्याकडे फार गोंधळ आहे. श्वासाचा आवाज येणारा घोडा किंवा वेगात नाकातून रक्त येणारा घोडा शर्यतीला निकामी होतो. ऐंशी सेंटिमीटरच्या उड्यांना आणि प्राथमिक ड्रेसाजला बहुधा चालून जातो. जो नुसताच हळू आहे तो तर आपल्यासाठी उत्तम निवड. पण पुढच्या पायाची मागची शीर फाटलेली असेल तर अल्ट्रासाउंडशिवाय हो म्हणू नका. ती भरायला नऊ महिने ते वर्ष आणि वर काही, आणि भरल्यावरही जुन्या ठिकाणी ती पूर्वीसारखी लवचीक होत नाही. पाठीच्या मणक्यांची टोके एकमेकांना घासत असण्याची तक्रार या जातीत नेहमीची आहे, तेव्हा पाठीचाही एक्स-रे हवा. तपासणीचा खर्च घोड्याच्या किमतीपेक्षा जास्त होईल. होऊ द्या. फुकट घोड्यालाही चारा, नाल, लस आणि मोतद्दाराचा पगार विकत घेतलेल्या घोड्याएवढाच लागतो.

या चर्चेत कुणीतरी टच ऑफ क्लासचे नाव काढतोच. शर्यतीत काही न जमलेली ही लहान चणीची थरोब्रेड घोडी जो फार्गिसने 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये उड्यांच्या सुवर्णपदकापर्यंत नेली. उदाहरण खरे आहे. पण ती तेव्हा अकरा वर्षांची होती, तिची शर्यत सुटून बराच काळ लोटला होता आणि वर बसलेला माणूस हौशी नव्हता. पहिल्यांदाच कँटर शिकणाऱ्या मुलाला पहिल्यांदाच कँटर शिकणाऱ्या घोड्यावर बसवण्याचे समर्थन त्यातून निघत नाही. पहिले वर्षभर या घोड्यावर एकच जाणता स्वार असावा, नंतर हौशी स्वार, तोही प्रशिक्षकाच्या नजरेखाली.

मग एप्रिल ते पुढचा हिवाळा काय करायचे? एप्रिल-मेचा उन्हाळा विश्रांतीला द्या. मुंबईत मोकळे सोडायला कुरण कुठून आणणार, हे आम्हाला माहीत आहे. कर्जत-अलिबागकडे किंवा पुण्याच्या बाहेर कुणाच्या जागेत दोन महिने ठेवता आला तर मैदानाच्या सरावाने होणार नाही इतका फरक पडतो. पावसाळ्यात मैदाने चिखलाची होतात, खूर सडतो, चावऱ्या माश्यांमुळे सर्रा पसरतो. तो काळ तबेल्यातल्या शिस्तीचा, हाताने फिरवण्याचा, लांब दोऱ्यांवर चालवण्याचा. ऑक्टोबरपासून नियमित रपेट. डिसेंबरमध्ये स्पर्धेच्या मैदानावर न्याच, पण उतरवू नका: गर्दी, लाउडस्पीकर, शेजारी सुटणारे घोडे, यांत उभे राहून चारा खायला शिकला तरी त्या दिवसाचे काम झाले. शर्यतीच्या दिवसाशी त्याच्या मनात जोडलेले हेच आवाज असतात.

ब्रिटनमध्ये 2000 साली शर्यतीच्या क्षेत्रानेच ‘रिट्रेनिंग ऑफ रेसहॉर्सेस’ ही संस्था उभी केली आणि निवृत्त घोड्यांसाठी वेगळे वर्ग सुरू झाले. अमेरिकेत केंटकी हॉर्स पार्कमध्ये अशा घोड्यांची दहा प्रकारांत स्पर्धा भरते. आपल्याकडे हे काम बहुतेक ओळखीपाळखीवर चालते, आणि ओळखीतून घोडा मिळतो पण त्याचा इतिहास मिळत नाही.

म्हणून शर्यतीच्या प्रशिक्षकांना आमची विनंती आहे: घोडा देताना सोबत एक पान लिहून द्या. कुठला बिट, काय चंदी, कुठल्या पायाला कधी काय झाले, कशाला घाबरतो, शेवटची शर्यत कधी. आणि स्पर्धा भरवणाऱ्या क्लबांनो, येत्या मोसमात शर्यतीतून आलेल्या घोड्यांसाठी एक वर्ग ठेवा, साठ सेंटिमीटर आणि एक चाल-दुडकीची ड्रेसाज चाचणी, अट एकच: घोड्याला शर्यत सोडून किमान बारा महिने झालेले असावेत.