ताशाचा कान, जॅझची लय
जॅझचं ड्रमवादन आपल्यासाठी नाही, हा समज पिंपरी-चिंचवडला तरी शोभत नाही. गणपतीआधी नदीकाठी, मैदानांवर पथकांचा सराव चालतो, तिथे ढोल ठेका धरतो आणि ताशा त्यावर नक्षी काढतो. जॅझमध्ये राइड झांज लय वाहते, हाय-हॅट दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर मिटते आणि स्नेअर मधूनच टोकतो. कोणी म्हणेल, पथकात सगळे हात ठरलेलंच वाजवतात, इथे एकटा माणूस आयत्या वेळी रचतो. आक्षेप रास्त आहे. म्हणून पुढचा धडा तबल्याकडून घ्यावा. बत्तीस बारची (मात्रांच्या गटांची) रचना हे आवर्तन मानलं, की सोलोतही ड्रमर कुठे पोचलाय ते कळतं. चार-चार बारची अदलाबदल तर सरळ सवाल-जवाबच. जॅझच्या लयीतला स्विंगचा झोल मात्र मात्रा मोजून येत नाही, तो ऐकूनच मुरतो. तबल्याकडून ड्रमकडे येण्याचं उदाहरण म्हणजे गायिका शोभा गुर्टूंचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू (जन्म १९५१, मुंबई). ते आधी तबला शिकले. पुढे तबला आणि ड्रम एकाच मांडणीत, जमिनीलगत बसून वाजवत गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिनच्या त्रयीत पोचले. ड्रमसेट परवडेपर्यंत चाकणच्या होतकरूने त्यांची ध्वनिमुद्रणं लावून मांडीवर राइडची लय धरावी. शेजाऱ्यांचीही तक्रार येणार नाही.